जन्माचा दाखला : कोणता, कोठून व कशासाठी

जून महिना उजाडला की प्रत्येक प्राथमिक शाळेत नव्या पाट्या, नवी दप्तरे आणि नवे चेहरे दिसू लागतात. पहिलीच्या वर्गात मूल दाखल करण्यासाठी आईबाप मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे उभे राहतात आणि ‘जन्माचा दाखला आणला आहे काय ?’ असे विचारताच हाती असेल तो कागद पुढे करतात. कोणी रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले कार्ड देतो, कोणी लसीकरणाचे पुस्तक, कोणी आधारकार्ड, तर कोणी मोबाईलमधील एखादे छायाचित्र. यांतील कोणताही कागद खोटा असतो असे नव्हे. पण यांपैकी एकही कागद जन्माचा दाखला नव्हे. कोणत्या कामास कोणता कागद लागतो, तो कोठे मिळतो व मागताना काय लिहावयाचे, हे पालकांस ठाऊक नसते. ते सांगणारा गावातील सर्वांत जवळचा माणूस म्हणजे शिक्षक. यास्तव शिक्षकास या विषयाचे ज्ञान नेमके असणे अगत्याचे आहे.

एक जूनचा धडा

या बाबतीत आपल्या शाळांचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. महाराष्ट्रात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रीपुरुषांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून अशी आढळते. एवढी माणसे खरोखरीच एका दिवशी जन्मली असतील, असे कोणीही म्हणणार नाही. मुलाचा जन्म ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ झाला, एवढेच आईबाप सांगत. शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज बांधीत आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकीत. त्यामागे हेतू चांगलाच होता. कागद नाही म्हणून मूल घरी परत जाऊ नये, एवढाच तो हेतू. त्या अंदाजामुळे हजारो मुले शिकली, हे विसरून चालणार नाही.

तथापि त्या एका ओळीचे ओझे पुढे जन्मभर वाहावे लागले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच तारीख आली, तेथून ती नोकरीच्या सेवापुस्तकात गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला शासकीय कर्मचारी त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी कचेऱ्यांतून व शाळांतून निरोपसमारंभांची गर्दी उसळते. एखाद्याचे वय अंदाजाने दोन वर्षे अधिक धरले गेले असेल, तर त्याची दोन वर्षांची नोकरी त्या दिवशी बुडाली. मुलास दारातून परत पाठविणे हा अन्याय आणि त्यास दाराशीच खोटी तारीख चिकटविणे हाही अन्यायच. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग म्हणजे जन्माच्या मूळ नोंदीपर्यंत पोहोचणे.

नोंद आधी, दाखला मागाहून

जन्माचा दाखला हा स्वतंत्र कागद नसून निबंधकाच्या नोंदवहीतील एका ओळीचा प्रमाणित उतारा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानी धरावी. नोंद नसेल तर दाखला नाही, आणि नोंदीत चूक असेल तर दाखल्यातही तीच चूक उतरते.

ही नोंद १९६९ सालच्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये होते. जन्म रुग्णालयात झाला असल्यास निबंधकास कळविण्याची जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याची असते. घरी झाला असल्यास कुटुंबप्रमुखाची, आणि तो हजर नसल्यास जवळच्या नातलगाची. जन्मापासून २१ दिवसांच्या आत विनाशुल्क नोंद होते. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे होते. बारशाच्या दुसऱ्या दिवशी घरातील एका माणसाने निबंधकाकडे किंवा रुग्णालयात जाऊन बाळाचे नाव कळविले, तर नोंद व नाव ही दोन्ही कामे मुदतीत पुरी होतात. पुढे निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

मुदत टळली म्हणून वाट बंद होते असे नाही. ती फक्त लांबते. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधक अथवा विहित अधिकारी यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक असतो. हा अधिकार पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. २०२३ सालच्या दुरुस्तीने तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. पालक अजूनही जुन्या समजुतीने न्यायालयाची पायरी चढतात. त्यांस योग्य कचेरी दाखविली, तर त्यांचे हेलपाटे वाचतील.

जेथे जन्म, तेथेच नोंद

पालकांची सर्वांत मोठी चूक होते ती येथे. दाखला आपल्या राहत्या गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल, असे ते धरून चालतात. परंतु नोंद राहत्या गावी होत नाही. जन्म ज्या ठिकाणी झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. मूल सासरच्या गावी वाढते, पण त्याचा दाखला आईच्या माहेरगावच्या ग्रामपंचायतीत किंवा त्या तालुक्याच्या नगरपरिषदेत असतो. बाळंतपण शहरातील रुग्णालयात झाले असेल, तर गावाचे नाव काहीही असो, नोंद त्या शहराच्या नगरपरिषदेच्या वा महानगरपालिकेच्या हद्दीतच शोधावी लागते.

खेड्यात निबंधकाचे काम ग्रामपंचायतीचा सचिव पाहतो. लोक त्यास ग्रामसेवक म्हणून ओळखतात. २०२४ साली शासनाने या पदास ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले. महानगरपालिकेत हे काम बहुधा आरोग्य खात्याकडे व प्रभाग कार्यालयांकडे असते.

या नियमाची खरी कसोटी लागते ती स्थलांतरित कुटुंबांच्या बाबतीत. बीड जिल्ह्यातील एखादे ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात तोडीस जाते आणि जानेवारीत फडाजवळच्या कोपीत मुलगी जन्मते, असे समजू. तिच्या जन्माची नोंद त्या कारखान्याच्या परिसरातील गावी व्हावयास पाहिजे. गळीत हंगाम संपून कुटुंब परतते, आणि सहा वर्षांनी वडील आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागतात, तेव्हा ‘येथे नोंद नाही’ असेच उत्तर मिळते. ते उत्तर खरे असते. चुकलेला असतो तो प्रश्न. अशा वेळी शिक्षकाने आईस निवांत बसवून चार गोष्टी विचाराव्यात : त्या वर्षी टोळी कोणत्या कारखान्यावर होती, कोपी कोणत्या गावच्या शिवारात होत्या, सुईण किंवा परिचारिका आली होती काय आणि बाळास पहिली लस कोठे टोचली. या उत्तरांतून नोंदीचे गाव बहुधा सापडते. जन्म वाटेत, चालत्या वाहनात झाला असेल, तर वाहन ज्या ठिकाणी प्रथम थांबले तेथे नोंद करावयाची, असा नियम आहे. नोंद कर्नाटकात झालेली असली तरी बिघडत नाही. हा केंद्राचा कायदा आहे आणि तेथील निबंधकाचा दाखला महाराष्ट्रातील शाळेत तेवढाच ग्राह्य आहे.

कागदांचे प्रकार

आता निरनिराळ्या कागदांचा क्रमाने विचार करू.

पहिला व मुख्य कागद म्हणजे नमुना ५ मधील जन्म प्रमाणपत्र. यात मुलाचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे व वडिलांचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, नोंदणीचा दिनांक आणि दाखला दिल्याचा दिनांक असतो. त्याखाली अधिकाऱ्याची सही व शिक्का असतो. शाळाप्रवेशासाठी मागावयाचा तो हाच. यावर तीन निरनिराळे दिनांक असतात, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. घाईघाईत नोंदणीचा दिनांक हाच जन्माचा दिनांक समजून रजिस्टरात उतरविला जातो आणि मूल कागदावर काही दिवसांनी किंवा काही वर्षांनीही लहान होते. नव्या पद्धतीचा दाखला केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीतून निघतो. त्यावर संगणकीय सही व चौकोनी संकेतचिन्ह असते. हे चिन्ह मोबाईलने तपासता येते. मात्र तपासताना उघडणारे संकेतस्थळ शासनाचेच आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण तशीच दिसणारी बनावट संकेतस्थळेही उघडकीस आली आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे नाव नसलेला दाखला. जन्माची नोंद झाली, पण बारशापूर्वीच झाल्यामुळे नावाचा रकाना कोरा राहिला, असे पुष्कळदा घडते. जन्मतारखेपुरता हा दाखला खरा असतो. पण तो याच मुलाचा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. पहिलीतील मुलास ही मुदत अजून पुष्कळ आहे. पण तोच मुलगा नववी-दहावीत गेला की ती संपत आलेली असते आणि नेमकी त्याच सुमारास त्याला दाखल्याची गरज भासू लागते. यास्तव पहिलीच्या प्रवेशाच्या वेळीच कोरा रकाना शोधून पालकांस सावध करणे, हे शिक्षकाचे मोलाचे काम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या नोंदवहीची प्रमाणित नक्कल. पूर्वी गावोगाव जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात होत असे. ही जुनी पुस्तके बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात आणि अर्ज केल्यावर त्यांतील नोंदीची नक्कल मिळते. आजोबा-पणजोबांच्या जातीच्या पुराव्यासाठी तिचा उपयोग होतो. आज पहिलीत येणाऱ्या मुलाच्या प्रवेशाशी तिचा काहीही संबंध नाही. जातीच्या दाखल्यासाठी लागणारे कागद प्रवेशाच्या वेळीच मागितल्याने पालक भांबावतात. ही दोन कामे वेगळी आहेत व ती वेगळीच ठेवावीत.

चौथा प्रकार म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, नमुना १०. निबंधकाने नोंदवही पाहिली व नोंद आढळली नाही, एवढेच तो सांगतो. तो जन्माचा पुरावा नव्हे. परंतु उशिराच्या नोंदीसाठी अर्ज करताना तो लागतो. पालकांनी तो निराशेचा कागद समजून फेकून देऊ नये. मात्र तो योग्य ठिकाणच्या निबंधकाकडून घेतलेला असावा. चुकीच्या गावी नोंद नसणे साहजिकच असते.

याखेरीज रुग्णालयाचे कार्ड, लसीकरणाचे पुस्तक व आधारकार्ड हे कागद उरतात. पहिले दोन नोंद शोधण्यास फार उपयोगी आहेत आणि त्यांचे महत्त्व पुढे येईल. आधारकार्ड ओळख पटविण्यासाठी आहे. ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे आधार प्राधिकरणाने स्वतःच स्पष्ट केले आहे. म्हणून त्यावरील तारीख रजिस्टरात उतरवून ‘दाखला पाहिला’ असा शेरा मारणे योग्य नाही.

अर्ज कसा करावा

अर्ज साधा असावा; पण त्यात निबंधकास नोंद सापडेल एवढी माहिती हवी. आईचे नाव नोंदीत कसे लिहिले असेल, याचा विचार करावा. बाळंतपण माहेरी झाले असेल, तर रुग्णालयात कधी कधी माहेरचे नाव सांगितलेले असते. मुलाची जन्मतारीख, तारीख निश्चित नसल्यास महिना व वर्ष, जन्मस्थळ, रुग्णालयाचे नाव, वडिलांचे नाव आणि ठाऊक असल्यास नोंदणी क्रमांक लिहावा. ‘आपले सरकार’ या शासकीय संकेतस्थळावरून किंवा ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातूनही अर्ज करता येतो. ठरलेले शुल्क भरावे व पावती घ्यावी. जन्मदाखला देणे ही २०१५ सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येणारी सेवा असल्याने, दाखला वेळेत न मिळाल्यास अपील करता येते. त्या वेळी पावतीच उपयोगी पडते. एकाच वेळी दोन-तीन प्रती घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

दाखला हाती पडताच कचेरीतच तो वाचून पाहावा. नावाचे मराठी व इंग्रजी स्पेलिंग, आईवडिलांची नावे आणि लिंगाचा रकाना तपासावा. नोंदीत चूक असल्यास पुराव्यासह अर्ज केल्यावर निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्तीची नोंद करून सही करतो, आणि पुढील दाखला त्यानुसार निघतो. खाडाखोड केलेला दाखला कोणत्याही कामाचा राहत नाही.

शाळेने मूळ दाखला पाहून त्याची नक्कल ठेवावी व मूळ दाखला पालकांस त्याच दिवशी परत द्यावा. जनरल रजिस्टरात जन्मतारीख अंकी व अक्षरी दाखल्याप्रमाणेच लिहावी आणि नोंदणी क्रमांक शेऱ्यात नमूद करावा. एकदा लिहिलेली तारीख बदलावयाची तर वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि मुलाने शाळा सोडल्यावर ते काम फारच अवघड होते. त्यामुळे पहिल्या दिवशीची दोन मिनिटांची दक्षता पुढील कित्येक वर्षांचा त्रास वाचविते.

दाखला नसेल तर

आता मुख्य प्रश्न उरतो. ऊसतोड कुटुंबातील ती मुलगी शाळेच्या दारात उभी आहे. तिची नोंद कोठे आहे, ते अजून सापडलेले नाही. तिचे काय करावे ?

उत्तर कायद्यानेच दिले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ सालच्या अधिनियमाचे कलम १४ सांगते की, प्रवेशासाठी वय जन्मदाखल्यावरून ठरवावे, आणि लगेच दुसऱ्या पोटकलमात म्हणते की, वयाचा पुरावा नाही या कारणावरून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येणार नाही. दाखला नसल्यास रुग्णालयाच्या किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीच्या नोंदवहीतील नोंद अथवा आईवडिलांनी वा पालकांनी केलेले वयाचे प्रतिज्ञापन यावरून वय धरता येते. येथेच रुग्णालयाचे कार्ड व लसीकरणाचे पुस्तक उपयोगी पडते. अंदाजाने १ जून लिहिण्याची आता गरज नाही. अंगणवाडीताईच्या वहीत बहुधा खरी तारीख मिळते.

२०२३ सालच्या दुरुस्तीने या विषयाचे महत्त्व आणखी वाढविले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यासाठी जन्मदाखला हाच कागद धरला जाईल. शाळाप्रवेश, वाहन चालविण्याचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी व पारपत्र यांसाठी तो लागेल. ही मुले २०२९ च्या सुमारास पहिलीत येऊ लागतील. शिक्षणहक्क कायद्यातील उपरोक्त पोटकलम मात्र रद्द झालेले नाही; दार उघडे ठेवण्याचे शाळेचे कर्तव्य कायम आहे. तरीही ज्याच्याजवळ दाखला नाही त्याची पुढील वाट पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे, हे खरे. म्हणून अंगणवाडीताई, आशा कार्यकर्त्या व शिक्षक यांनी मिळून आजच गावातील लहान मुलांची यादी करावी. कोणाची नोंद नाही, कोणाचे नाव कोरे आहे व कोणाची नोंद परगावी आहे, हे पाहून ठेवावे. सहा वर्षांच्या मुलाची नोंद शोधण्यापेक्षा सहा महिन्यांच्या बाळाची नोंद करणे कितीतरी सोपे असते.

त्या मुलीस शाळेने त्याच दिवशी दाखल करून घ्यावे, बाकावर जागा द्यावी व पुस्तके हाती द्यावीत. नंतर वडिलांस नोंदीचे गाव शोधण्यास मदत करावी, अर्ज लिहून द्यावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. पुढे कधीतरी तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जी तारीख छापली जाईल, ती तिच्या जन्माचीच असावी, गुरुजींच्या अंदाजाची नसावी. मुलास अक्षरे शिकविणे हे शिक्षकाचे काम आहेच; पण त्याच्याविषयी सरकारी कागदावर लिहिली जाणारी पहिली अक्षरे खरी असतील, हे पाहणेही त्याच कामाचा भाग आहे.